मगदूम वकिलांची उन्हाळी सुट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा कोर्टाचा शेवटचा दिवस आणि शाळेचा शेवटचा दिवस यांत फारसा फरक नसतो. सगळ्यांना जूनच्या तारखा हव्या असतात. बार रूममध्ये कोण कोकणात आंबे खायला निघालेलं असतं, कोण लेकीकडे पुण्याला. एरवी एकमेकांवर गुरगुरणारी माणसं काळे कोट खुर्च्यांवर टाकून एका गाडीत किती जण मावतील याचा हिशेब करत बसतात. यंदाही तसंच चाललं होतं. माझ्या दोन ज्युनियर मुलींचं महाबळेश्वरचं ठरलंय, हे मला त्यांच्या कुजबुजण्यावरून कळलेलंच होतं. तरी मी दोघींना समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "पालीची, मॅडम."

मला हसू आलं. मगदूम अण्णा असते तर म्हणाले असते, "बरं, मग सुट्टीभर एक पाल पाळ. जूनला घेऊन ये मला दाखवायला." हा प्रश्न मी त्यांच्याकडूनच उचललाय. माझ्याकडे जे काही चांगलं आहे त्यातलं बरंचसं मी त्यांच्याकडून उचललेलं आहे, आणि ते त्यांना माहीत होतं.

पाटीवर त्यांचं नाव ॲडव्होकेट बी. ए. मगदूम असं होतं. कोर्टातला शिपाई, कँटीनवाला, अशील आणि विरुद्ध बाजूचे वकील सगळे त्यांना अण्णाच म्हणत. मूळचे शिरोळकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. आईला आव्वा म्हणायचे आणि रागावले की दोन-चार कानडी शब्द तोंडातून निसटायचे. त्या शब्दांचा अर्थ त्यांनी आम्हाला कधी सांगितला नाही. आम्हीही विचारला नाही, कारण ते बहुधा आमच्याबद्दलच असत. लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं. खालून गुळाचा आणि मिरचीचा वास यायचा. नवा अशील जिना चढून आला की आधी शिंकायचा आणि मग कैफियत मांडायचा.

देह भारदस्त, शर्ट कायम पांढरा, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावर युक्तिवाद चालला तर खाली गाड्या लावणाऱ्यांना मुद्दा कळावा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कोल्हापुरात मोठ्यानं बोलणं हा काही रोग समजला जात नाही. अशिलाला मात्र ते नेहमी टेबलाच्या उजव्या अंगाच्या खुर्चीतच बसवत. डावीकडची खुर्ची रिकामी असली तरी तिथे कुणाला बसू देत नसत. असेल काहीतरी शुभ-अशुभ, असं आम्ही ज्युनियर लोक धरून चाललो होतो.

दुसरा त्यांचा नियम सूर्याचा. सूर्य मावळायच्या आत जेवण. मग समोर कितीही मोठा बागायतदार बसलेला असो. "पावणं, उरलेलं उद्या. सूर्य काय माझा अशील न्हाय थांबायला," असं म्हणून ते उठायचे. मागच्या बाजूलाच घर होतं. त्यांची बायको, आमच्या काकी, ताटं मांडून उभ्या असायच्या.

कोर्टाच्या सुट्टीला अण्णा सुट्टी मानत नसत. "कोर्ट चालू असताना वकील वाढत न्हाय, नुसता झिजतो," ते म्हणायचे. "वाढायचं ते मे महिन्यात. बाकीचे आंबे खात असतात तवा." आणि शेवटच्या दिवशी कामकाज संपलं की प्रत्येक ज्युनियरला एकेकट्याला बोलावून ते विचारत, "तुला कशाची भीती वाटते?" ज्याची भीती वाटते तेवढंच त्या सुट्टीत करायचं, बाकी फायलींना हात लावायचा नाही.

माझ्या आधी त्यांच्याकडे संजय नावाचा ज्युनियर होता. त्याची गोष्ट ऑफिसात सगळ्यांना पाठ होती. संजयला मोडी कागदांची भीती. कुणी पिशवीतून जुना पिवळा कागद काढला की हा पाणी प्यायला उठायचा. जमिनीच्या दाव्यात असा कागद कधी ना कधी निघतोच, त्यामुळे संजय फार पाणी प्यायचा. अण्णांनी त्याला सुट्टीत रोज सकाळी शिवाजी पेठेत एका निवृत्त शिक्षकांकडे मोडी शिकायला धाडलं. पहिला आठवडा तो रोज तोंड पाडून परत येई. सुट्टी संपता संपता त्याला त्या लिपीची अशी गोडी लागली की त्यानं घरातल्या देवघराच्या फळीवरचा जुना कागद काढून वाचला आणि आपलं आडनाव आपण समजतो तसं लिहीतच नाहीत, असं वडिलांना सांगून घरात भांडण लावलं. आज जिल्ह्यातले निम्मे वकील आपले मोडी कागद घेऊन संजयच्या दारात असतात.

"ध्यानात घे," अण्णा मला म्हणाले होते, "तुला ज्याची भीती वाटते त्याची निम्म्या कोर्टाला वाटते. ती लोकं लपवत्यात, एवढंच. तेवढं एक शिकलीस की निम्मं कोर्ट तुझ्याकडं येतंय."

हे त्यांनी मला ज्या वर्षी सांगितलं तो माझा त्यांच्याकडचा पहिला उन्हाळा होता, आणि मला वाटत होतं तो शेवटचाही ठरणार. मी मुरगूडची. अब्बांचं तिथे मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी वकील व्हावं ही हौस त्यांचीच, पण वकील होऊन वर्ष झालं तरी मी कोर्टात उभी राहून तारखेपलीकडे काही मागितलेलं नव्हतं. कोल्हापुरात मी खालाकडे, म्हणजे मावशीकडे राहायचे. गावातल्या एका पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती आणि तिथले चेअरमन अब्बांचे जुने गिऱ्हाईक. अब्बा फोनवर म्हणाले होते, "शमा, माझी काय जबरदस्ती न्हाय. पण जूनपातूर बघ. कोर्ट उघडलं आणि तवाबी तू नुसती पिशवी धरूनच उभी असशील, तर मग परत ये. त्यांना जागा अडवून ठेवता येत न्हाय." बोलणं वाजवी होतं, म्हणूनच जास्त लागलं.

"उलटतपासणीची," मी अण्णांच्या त्या प्रश्नाला उत्तर दिलं. "साक्षीदारासमोर उभं राहिलं की माझा आवाज कागदात जातो."

"कागदात जातोय व्हय?" अण्णा म्हणाले. "मग कागदच काढून घेऊ. उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी गेले तर माडीच्या गॅलरीत, लाकडी कठड्याला लागून एक स्टूल मांडलेलं. तो साक्षीदाराचा पिंजरा. अण्णा स्टुलावर बसले, डोक्याला पंचा गुंडाळला आणि एकदम खांदे पाडून, डोळे बारीक करून म्हणाले, "इचारा वकीलबाई, काय इचारायचं ते. खरंच सांगीन, खोटं बोलायचा आपल्याला शौक न्हाय." एका क्षणात माझ्यासमोर अट्टल खोटारडा पोलीस पाटील बसला होता. मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. मी प्रश्न विचारला, त्यांनी त्याचं असं उत्तर दिलं की माझाच दावा बुडाला.

त्या सुट्टीत मी अण्णांची किती सोंगं पाहिली! प्रत्येक उत्तराला रडणारी माहेरवाशीण पाहिली. "साहेब, आपण म्हणाल तसं" म्हणत सटकणारा तलाठी पाहिला. पोराच्या नावाची शपथ घेणारा पण पोराचं नाव विसरलेला दारुडा पाहिला. खाली धान्याच्या दुकानातले हमाल मान वर करून बघत उभे राहायचे. काकी दारातून म्हणायच्या, "मी सांगतो शमा, ह्यांनी वकिली उगाच केली. तमाशात नाव काढलं असतं."

माझी चूक एकच होती आणि मी ती रोज करायचे. साक्षीदार अडचणीत आला, माझ्या हाताला लागला, की मला राहवायचं नाही. मी विचारायचे, "का?"

तेवढं विचारलं की अण्णांमधला साक्षीदार फुलून यायचा. मांडी घालून, आजोबांपासून सुरुवात करून तो सगळं पटवून द्यायचा. शेवटी पंचा काढून अण्णा खेकसायचे, "पुन्हा 'का'! अगं, 'का' विचारलंस म्हणजे साक्षीदाराला जेवायला आवतणं दिलंस. आता त्यो पोटभर खाऊनच उठणार. तुला पायजे ते मिळालं न्हवं? मग गप बस की खाली! उभं राहायला सगळीच शिकत्यात. बसायला शिक."

सगळ्यांत अवघड साक्षीदार होता सिदू आजोबा. हा ठार बहिरा म्हातारा अण्णा अधूनमधून काढायचे. कानाला हात लावून "आं?" म्हणायचा आणि माझा प्रश्न तीनदा बोलायला लावायचा. लांबलचक प्रश्न विचारला तर मान हलवून भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायचा. खाली बघून विचारला तर उत्तरच द्यायचा नाही.

"बहिऱ्याला कळंल असा प्रश्न विचार," अण्णा सांगायचे. "बारका. मोठ्यानं. आणि तोंड वर करून, त्याच्याकडं बघून. कागदाकडं न्हाय."

त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझे रोजे सुरू झाले. पहिल्या दुपारी माझा घसा कोरडा पडलेला पाहून अण्णा म्हणाले, "बंद ठेवू या का महिनाभर?" मी नाही म्हटलं. जूनला दिवस कुठे उरले होते? त्या दिवसापासून त्यांनी आपलं दुपारचं ताक आत स्वयंपाकघरात नेऊन प्यायला सुरुवात केली. त्यांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मला मावळल्यावर. काकी हसायच्या, "तुम्ही दोघं वकील, त्यात सूर्याला न्यायाधीश केलाय व्हय?" आणि निघताना माझ्या हातात झाकलेला डबा द्यायच्या. खालाच्या घरी अजान झाली की खजुरानंतर मी आधी तो डबा उघडायचे. कांदा-लसणाशिवायची आमटी इतकी चांगली लागू शकते हे मला त्या महिन्यात कळलं.

त्याच्या आधीच्या आठवड्यातली एक सकाळ सांगायची राहिली. राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात आमच्या अशील आनंदीबाईंचं रान होतं. त्यांच्या रानात जायची बैलगाडीची वाट शेजाऱ्याच्या बांधाला लागून होती. शेजाऱ्यानं ती नांगरून त्यात ऊस लावला आणि 'इथे वाट कधी नव्हतीच' असं कोर्टात लिहून दिलं. आनंदीबाईंच्या म्हशींचा चारा डोक्यावरून येऊ लागला आणि स्वतःचा ऊस बाहेर काढायला रस्ताच उरला नाही. नकाशात ती वाट दाखवलेली नव्हती. शेजाऱ्याच्या बाजूनं त्याचा चुलतभाऊ केरबा साक्ष देणार होता, कोर्ट उघडल्यावर, जूनमध्ये.

"कोर्ट चालू असताना कोण जातंय रानात?" अण्णा गाडी चालवता चालवता म्हणाले. "आणि पावसात गेलं तर दिसतंय काय? उन्हाळ्यात रान उघडं असतं. आत्ताच बघून घ्यायचं."

रानात पोचल्यावर ते बांधावरच्या बाभळीखाली बसले. आनंदीबाई पाणी घेऊन आल्या. मला म्हणाले, "तू चाल. मी काय सांगणार न्हाय."

मी चालले. शेजाऱ्याचा ऊस कापून नेलेला होता आणि त्याच बुडख्यांतून फुटलेला नवा ऊस, म्हणजे खोडवा, वाढत होता. पानांनी हात ओरबाडून निघाले. परत येऊन सांगितलं, "अण्णा, काही नाही. बांधाकडेचा ऊस थोडा आजारी आहे, बाकी सगळा चांगला आहे."

"आजारी व्हय? मग परत जा, त्याची नाडी बघून ये."

पुन्हा गेले. बांधाला धरून एक पट्टा गुडघ्याएवढाच होता आणि त्याच्या पलीकडचा ऊस माझ्या कमरेला लागत होता. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या रुंदीचा, बैलगाडी जाईल एवढा. मी टाच रोवून बघितली. आतल्या बाजूला चप्पल मातीत रुतली. पट्ट्यावर टाच वाजली. मी तिथूनच ओरडले, "अण्णा, वाट इथंच आहे! उसाच्या खाली!"

बाभळीखाली ते नुसते माझ्याकडे बघत होते. मी धावत जवळ गेले आणि पुन्हा सांगितलं. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "आता ही गोष्ट पोटात ठेव," म्हणाले. "त्या केरबाच्या तोंडातनं काढायची."

जूनमध्ये कोर्ट उघडलं. ईद झाल्यावरच्या आठवड्यात आनंदीबाईंचा दावा पुकारला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पिशवी धरून अण्णांच्या मागे उभी होते. केरबा पिंजऱ्यात चढला. अण्णा माझ्याकडे वळले, हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली आणि म्हणाले, "तू उभी राहा."

मी पुढे झाले. आनंदीबाई मागच्या बाकावर होत्या. त्यांच्या रानाची वाट आता माझ्या तोंडात होती. अण्णा माझ्या पाठीमागे बसले होते. कागद त्यांच्याकडेच राहिले, त्यामुळे बघायला केरबाशिवाय दुसरं काही उरलं नाही. मी तोंड वर केलं आणि सिदू आजोबाला विचारावं तसं विचारलं.

"केरबा, तुमच्या भावाच्या त्या रानात ऊस आहे?"

"हाय की."

"आत्ता खोडवा आहे?"

"व्हय."

"रानाच्या मधला ऊस केवढा आहे?"

"चांगला छातीला लागतोय."

"आणि बांधाच्या कडेला, गाडीएवढ्या पट्ट्यातला?"

केरबानं आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होते. "त्यो बारका हाय. गुडघ्याएवढा."

"खत-पाणी दोन्हीकडे सारखंच घालता?"

"सारखंच की! पिकात काय दुजाभाव करतोय व्हय आम्ही?"

माझ्या जिभेवर आलं होतं. एकच अक्षर. सगळं अंग ते विचार म्हणत होतं. मी दात आवळले, "एवढंच, साहेब," म्हटलं आणि खाली बसले.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि उत्तरं टाइप करून घेतली. विरुद्ध बाजूचे वकील चांगले अनुभवी होते, पण तो बुटका ऊस तसाच कागदावर राहिलेला त्यांना सहन होईना. बांधावर बाभळ आहे, सावलीनं ऊस खुरटला असं केरबा म्हणेल, ही त्यांची खात्री. फेरतपासणीला ते उभे राहिले आणि म्हणाले, "केरबा, कोर्टाला सांगा, बांधाकडेचा ऊस का वाढला नाही?"

केरबाला बऱ्याच वेळानं आपल्या माहितीतला प्रश्न मिळाला होता. तो खुलला. "कसा वाढंल, साहेब? आज्ज्या-पणज्यापासनं गाड्या गेल्यात तिथनं. दगड झालाय जमिनीचा. वाटंवर लावलेला ऊस त्यो, त्याला काय येणार हाय?"

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा. न्यायाधीश मान खाली घालून, शक्य तितक्या गंभीरपणे ते वाक्य टायपिस्टला सांगू लागले. मी मागे वळून अण्णांकडे पाहिलं. ते सगळ्यांकडे बघत होते. मग तेही हसले. सगळ्यांच्या नंतर.

पुढे त्या दाव्याचा निकाल आनंदीबाईंच्या बाजूनं लागला. पण त्या दिवशी आम्ही कँटीनकडे निघालो तेव्हा पॅसेजच्या वळणावर अण्णांनी हळूच विचारलं, "काय म्हणाला गं त्यो केरबा शेवटी?"

मी जागच्या जागी थांबले. ते साक्षीदारापासून चार हातांवर बसले होते. एकदम उजव्या अंगाची खुर्ची आठवली. बाभळीखालून माझ्याकडे बघत राहिलेलं तोंड आठवलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, तोंड वर केलं आणि सावकाश, मोठ्यानं केरबाचं वाक्य सांगितलं. ते भिंतीला टेकून पोट धरून हसले. या वेळी खरं हसले.

चहा आल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "एवढी पोरं आली गेली," म्हणाले, "पण ह्यो प्रश्न एकानंबी मला उलटा विचारला न्हाय. ह्याचीच भीती. साक्षीदार बोलतोय आणि मला त्याचं नुसतं तोंड हलताना दिसतंय. कुणाचं रान जाईल माझ्या कानापायी. दोन वर्षं झाली, झोप न्हाय नीट."

"मशीन लावा की."

"दोनदा लावलं. कोर्टात पंख्याची घरघर झकास ऐकू येती. साक्षीदार येत न्हाय."

"मग सिदू आजोबा?"

"त्यो एकटाच खरा हुता," अण्णा म्हणाले. "बाकीची सगळी सोंगं."

मी चहा तसाच ठेवला. मला वाटत होतं, त्यांनी महिनाभर माझी भीती घालवली. खरं तर त्यांनी मला स्वतःच्या भीतीत भागीदार करून घेतलं होतं आणि त्याच्या बदल्यात मला माझं आयुष्य दिलं होतं. डोळे भरून आले. अण्णांना रडणं आवडत नसे. म्हणाले, "कँटीनमधी रडू नको. लोक म्हणतील केस हरली."

त्याच संध्याकाळी मी अब्बांना फोन केला. "पतसंस्थेला नाही म्हणून सांगा." सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "सांगतो. आणि त्या वकीलसाहेबांना माझा सलाम सांग. मोठ्यानं सांग, ऐकू गेला पायजे."

पुढची काही वर्षं आमचं असंच चाललं. कागद अण्णांचे, उभं राहायची मी. साक्षीदाराचं उत्तर मी त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायचे, जणू मलाच खात्री करून घ्यायची आहे. बऱ्याच न्यायाधीशांना ती माझी सवय वाटली. ज्यांना कळलं त्यांनी ती चालू दिली. बघता बघता लोक माझ्याकडे उलटतपासणीसाठी येऊ लागले. संजय मोडीवाला, तशी मी उलटतपासणीवाली. अण्णांना याचं इतकं अप्रूप की समोरचा माणूस माझं कौतुक करतोय असं नुसतं तोंडावरून दिसलं तरी ते म्हणायचे, "पुन्हा बोला, पावणं, मला ऐकू आलं न्हाय."

मग एका सुट्टीच्या आदल्या दिवशी, सगळ्या पोरांना विचारून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "अण्णा, यंदा तुमचं काय?"

"बसायला शिकायचं," ते म्हणाले.

मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी काळा कोट काढला आणि घडी करून काकींना दिला. त्या मे महिन्यात ते रोज दुपारी गॅलरीत त्याच स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून बसायचे. मी नव्या ज्युनियरांकडून सराव करून घ्यायचे आणि साक्षीदार दुसरंच कुणी व्हायचं. मध्येच अण्णांचे ओठ हलायचे, ते अर्धे उठायचे, आणि मग स्वतःच्याच मांडीवर चापट मारून परत बसायचे. काकी म्हणायच्या, "आयुष्यात कुठल्या परीक्षेला एवढं कष्ट घेतलं न्हाईत ह्यांनी." आणि अण्णा मला जे सांगायचे नाहीत ते काकी एकदा सांगून गेल्या. अण्णांना आता रात्रीची शांत झोप लागत होती.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर अण्णा गेले. सूर्य मावळायच्या आत जेवले आणि झोपेतच गेले.

पण मला ते दिसतात ते त्याआधीच्या जूनमधले, कोर्ट उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातले. एका वाटणीच्या दाव्यात मी उलटतपासणी घेत होते. थोरला भाऊ साक्षीला उभा होता. मला हवं ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं होतं आणि त्याचा चेहरा उतरला होता. मला जोर चढला. अजून एक, फक्त एक विचारावं असं वाटलं आणि माझं तोंड उघडलं. तेवढ्यात सहज मान वळली. शेवटच्या बाकावर, टोप्या-पटक्यांच्या अशिलांमध्ये अंग चोरून अण्णा बसले होते. बिनकोटाचे, नुसत्या पांढऱ्या शर्टातले. कधी आले होते कुणास ठाऊक. त्यांना एक शब्दही ऐकू येत नव्हता. साक्षीदाराचा चेहरा आणि माझं उघडलेलं तोंड एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी गुडघ्यावरचा हात वीतभर उचलला आणि तळवा सावकाश खाली दाबला.

मी बसले.